आजोबांची ट्रंक आणि शेतातला गोळा

वाचकांचे प्रश्न
(उत्तरे: सैन्यातून निवृत्त झालेला एक दारूगोळा तंत्रज्ञ, खानापूर तालुका)

मागच्या महिन्यात पलटणीच्या जुन्या बिल्ल्यांवर लिहिले आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी हा पट्टाच तसा आहे, गल्लीत एक तरी घर पलटणीचे असतेच. 1922 साली मराठ्यांच्या सहा जुन्या पलटणी एकत्र करून एक रेजिमेंट केली आणि तिची ट्रेनिंगची पलटण बेळगावात बसवली. तेव्हापासून आपल्याकडची पोरे कँपातून परेड शिकून जगभर गेली आणि येताना काही ना काही घेऊन आली. माळ्यावरची ट्रंक उघडली की ते खाली येते.

एका पत्राला मात्र अंकाची वाट न बघता मी त्याच संध्याकाळी फोन करून उत्तर दिले. ते आधी घेतो.

काका, उसासाठी जेसीबीने बांध फोडताना फूटभर लांबीची, गंजलेली, मागे पंख असलेली लोखंडी वस्तू निघाली. धुऊन पंपाच्या खोलीत ठेवली आहे. वायर ब्रशने घासली तर आकडे दिसतील का? मला जुन्या वस्तूंचा नाद आहे, संग्रहाला ठेवीन म्हणतो. शेजारचे म्हणतात, एवढी वर्षे पाण्यापावसात पडून होती, आता तिच्यात काय राहिलंय!
— एक तरुण शेतकरी, खानापूर तालुका

बाळ, फोनवर तुला जे सांगितले तेच इथे सगळ्यांसाठी लिहितो. पंख असलेली ती वस्तू मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा, बाँब असण्याची शक्यता मोठी आहे. ती कोणत्या सालची, सरावाची की खरी, भरलेली की रिकामी, हे फोटो बघून मी सांगणार नाही. बावीस वर्षे हेच काम केले तरी सांगणार नाही. जवळ जाऊन, सगळी माणसे लांब पाठवून, हत्यारे घेऊन तपासायची ती गोष्ट आहे. हलवल्यावर आत काही वाजत नाही म्हणजे ती रिकामी आहे असे होत नाही. दारू आत ओतून घट्ट बसवलेली असते, ती वाजत नाहीच.

आता शेजाऱ्यांच्या म्हणण्याकडे येतो, कारण माणसे मरतात ती याच समजुतीने. गोळ्याच्या नाकाशी फ्यूज असतो. त्यात एक टोचणी, एक स्प्रिंग आणि चिमूटभर फार नाजूक दारू. वाहतुकीत धक्का लागून फुटू नये म्हणून मध्ये अडसर असतात, आणि गोळा उडाला की ते अडसर एकामागून एक सुटतात. उडालेला गोळा जमिनीवर पडून फुटला नाही, तर अडसर सगळे निघालेले असतात आणि टोचणी कुठेतरी अडकलेली असते. पन्नास वर्षांनी तिला अडवून धरलेला असतो तो नुसता गंज. वायर ब्रश घेऊन तू तोच गंज काढायला निघाला होतास.

आतली मुख्य दारूही पाण्याने मरत नाही. टीएनटी पाण्यात विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या काही गोळ्यांत पिक्रिक ॲसिड असे. त्याची धातूशी गाठ पडली की त्याचे क्षार होतात, आणि ते क्षार मूळ दारूपेक्षा जास्त तापट. गोळा म्हातारा झाला की निवतो हा आपला समज आहे, कित्येक गोळे म्हातारपणी जास्त चिडके होतात. बेल्जियम आणि फ्रान्समध्ये 1914-18 च्या लढाईतले गोळे आजही नांगराच्या फाळाला लागतात, आणि ते नेऊन नष्ट करायला तिथल्या सरकारांनी माणसे कायमची नेमलेली आहेत.

त्याहून जुन्यांचेही तेच. इंग्रज सेनापती मन्रोने 1818 साली बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला, 1824 साली कित्तूरला लढाई झाली, म्हणून आपल्याकडे गोल तोफगोळा सापडला की लोक तो उचलून तुळशीकट्ट्यावर मांडतात. त्या काळी भरीव गोळे होते तसे पोकळ, आत काळी दारू भरलेलेही होते. 2008 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, यादवी युद्धातले तोफगोळे वर्षानुवर्षे साफ करत आलेला एक जाणता संग्राहक असाच एक गोळा साफ करताना तो फुटून घराच्या अंगणातच मेला. ते युद्ध 1865 साली संपले होते.

मग करायचे काय? ज्याने वस्तू अजून उचललेली नाही त्याने उचलू नये. तू उचलून पंपाच्या खोलीत ठेवली आहेस, तर आता ती खोलीतून काढू नकोस. परत रानात नेऊन टाकणे म्हणजे तोच धोका दुसऱ्यांदा अंगावर घेणे. पाणी मारू नकोस, पोत्याने झाकू नकोस, मोटर चालू करायला आत जाऊ नकोस. खोलीपासून लांब, वाटेवर चुन्याची जाड रेघ ओढ, जनावरे दुसरीकडे बांध, पोरांना नुसते दटावू नकोस, तिकडच्या वाटेवर माणूस बसव. आणि 112 लाव. फोनवर तीन गोष्टी सांग: काय दिसते, कुठे आहे, कोणी हलवली आहे का. हलवली असेल तर ते लपवू नकोस, येणाऱ्या पथकाला त्याची फार गरज असते.

ती वस्तू पिशवीत घालून मोटारसायकलवर ठाण्यात घेऊन जाणारे लोक मी पाहिले आहेत. मनात त्यांच्या जबाबदारीच असते, पण रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्या पिशवीला लागत असतो.

‘केस होईल का,’ असे तू फोनवर दोनदा विचारलेस. कायदा ताबा बघतो, आणि तो जाणीवपूर्वक होता का हे बघतो. रानात निघाली, निघाल्या निघाल्या कळवली, ही तुझी सर्वांत भक्कम बाजू. वस्तू काय आहे याचा संशय आल्यावरही ती शोकेसमध्ये मांडून ठेवलीस तर ती बाजू गेली. बाँब, ग्रेनेड, तोफगोळे हे सगळे 1959 च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दात येतात, आणि स्फोटक पदार्थांचा 1908 चा कायदा याहून कडक आहे. पंचनामा बहुधा कन्नडमध्ये लिहितील. ओळखीच्या माणसाकडून पूर्ण वाचून घे, सापडल्याची तारीख, वेळ आणि तूच कळवल्याचे त्यात आहे ना ते बघ, मग सही कर.

संग्रहाला काय राहील विचारतोस तर जागेची नोंद राहील. सर्व्हे नंबर, किती खोलीवर निघाली, कोणत्या दिशेला तोंड होते. ते वहीत लिहून ठेव. ती वस्तू इथे कशी आली हे पुढे कुणाला शोधायचे असेल तर त्याला तुझी वहीच लागेल.

आमच्या देवघरात पितळेची एक जाड गोल चकती आहे. सासूबाई तिच्यावर नंदादीप ठेवत. दर दसऱ्याला चिंच लावून घासतो. तिच्यावर एक बाई, एक सिंह आणि इंग्रजी अक्षरे आहेत. ट्रंकेत एक चांदीचे आणि एक पिवळे मेडलही आहे. हे घरात ठेवायला परवाना लागतो का? सोनार चांदीच्या मेडलचा भाव सांगत होता.
— एक शिक्षिका, निपाणी

ताई, आधी एक विनंती. या दसऱ्याला ती चकती घासू नका.

फोटो पाठवलात ते बरे केले. ती पितळेची नाही, काशाच्या जातीच्या मिश्रधातूची आहे, आणि ती पूजेचे ताट म्हणून कुणी घडवली नव्हती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारने एक चकती पाठवली, त्यातली ही. रुंदी सुमारे 12 सेंटीमीटर. उभी बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचे बाईच्या रूपातले चित्र, हातात पानांचा हार, पुढे सिंह, बाजूला दोन डॉल्फिन मासे. खालच्या कडेला नखाएवढ्या जागेत दुसरा सिंह आहे, तो एका गरुडाला फाडतो आहे. गरुड म्हणजे जर्मनी. कडेने जे लिहिले आहे ते असे: ‘ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर.’ स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी तो मेला.

आता बाईच्या हाराखालची चौकट बघा. तिच्यात उठावाच्या अक्षरांत एक नाव आहे. हुद्दा नाही. मुद्दाम ठेवलेला नाही, कारण मरणात सुभेदार आणि शिपाई असा फरक करायचा नाही असे ठरले होते. तुमच्या फोटोत पहिली चार अक्षरे लागतात, पुढची शंभर वर्षांच्या चिंचेने गेली आहेत.

मी एवढा कळवळून लिहितो त्याला कारण आहे. आपल्याकडची बरीच माणसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेली. कुट अल-अमारा इथे वेढ्यात अडकलेल्या सैन्यात मराठ्यांच्या पलटणी होत्या. डिसेंबर 1915 मध्ये वेढा पडला, 29 एप्रिल 1916 ला उपासमारीने शरणागती झाली, आणि शरण गेलेल्यांपैकी कितीतरी पुढे कैदेत मेले. त्या आघाडीवर ज्यांना थडगे मिळाले नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे कोरली, ब्रिटिश शिपायांची कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीच्या नावाखाली आकडे कोरले. तुमच्या घरचा माणूस तिकडेच गेला असेल तर धातूवरचे त्याचे नाव जगात कदाचित तुमच्या घरात तेवढे आहे.

राहिलेली अक्षरे अशी वाचा. खोलीत अंधार करा, टॉर्च चकतीच्या पातळीला आडवा धरा आणि चकती हळूहळू फिरवा. झिजलेल्या अक्षराचीसुद्धा सावली पडते. दिसेल तसे उतरवून घ्या. मग पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. स्वच्छ करायची तर कोरड्या सुती फडक्याने, बस्स. पितांबरी, लिंबू, राख काही नको.

चांदीचे ते ब्रिटिश वॉर मेडल आणि पिवळे ते व्हिक्टरी मेडल. सोनाराला भाव विचारू नका. मेडलची जाड कड बघा, तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत असते. चकतीवर जे नाही ते इथे मिळते. नाव इंग्रजी कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले असते, आडनाव बहुतेकदा नसतेच, म्हणून मोठ्याने वाचून बघा. पलटणीचा आकडा 103, 105, 110, 114, 116 किंवा 117 असेल तर ती मराठ्यांची. मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या, युद्धात मेलेल्यांच्या थडग्यांची आणि नावांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव आणि पलटण घालून शोधा. भिंतीवर न कोरलेली नावे त्यांच्या नोंदींत सापडू शकतात.

मेडल, चकती, बिल्ले, पत्रे घरात ठेवायला परवाना लागत नाही. फक्त मुलगा परदेशी असेल आणि त्याच्याकडे पाठवायचे मनात असेल तर थांबा. शंभर वर्षे उलटलेल्या ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आपला जिल्हा पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडलात येतो, तिथे आधी विचारा. आणि सासूबाईंचा नंदादीप बंद करू नका. दिव्याला दुसरी ताटली घ्या, चकती देवघरातच मागे उभी ठेवा.

जुन्या बाजारात तोफेच्या पितळी नळकांड्याची फुलदाणी मिळते आहे. विक्रेत्याकडे थ्री-नॉट-थ्री रायफलची काडतुसेही आहेत. काहींना पुढे गोळी आहे. शिवाय मोबाइलवर एक जण ‘निकामी केलेला’ ग्रेनेड विकतो आहे. काय घ्यावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव

फुलदाणी घेता येईल, तीही बूड बघून. बुडाच्या मध्यभागी गोल टोपी असते, तिच्यात पेटवणारी दारू असते. टोपी काढून नुसते भोक राहिलेले असेल तर छान. टोपी जागेवर असेल आणि तिच्यावर ठोक्याची खूण नसेल तर हात लावू नकोस. खूण असली तरी ती ओळखायची तुला सवय नाही, म्हणून तेही नको. भोक असलेल्याच्या बुडावरचे शिक्के मात्र आवर्जून वाच. तोफेची जात, साल, कारखाना सगळे तिथे असते. थ्री-नॉट-थ्रीच्या पुंगळीवर, म्हणजे रिकाम्या काडतुसावर, ‘के एफ’ दिसले तर ती खडकीच्या कारखान्याची. त्या शिक्क्यात जी माहिती आहे ती पॉलिश केलेल्या चकाकीत नाही.

पुढे गोळी असलेले काडतूस एकसुद्धा नको. विनापरवाना दारूगोळा बाळगणे हा गुन्हा आहे, मग तो एक नग असो की पेटी. आजोबांच्या जुन्या बॅगेच्या खिशात राहिलेले एक काडतूस विमानतळावरच्या तपासणीत निघते आणि प्रवास तिथेच संपतो. नकळत राहिले हे कोर्टात सिद्ध करता येते, पण तोवर वर्षे जातात. रिकाम्या पुंगळीबद्दलही सांगतो. शस्त्र कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. जे किरकोळ भाग दुसऱ्या भागांशी जोडून वापरायचे नाहीत त्यांना कलम 45 मध्ये सूट आहे. म्हणून पावती घे, विक्रेत्याचे नाव-पत्ता घे. आणि सैन्याच्या रेंजवरून आलेल्या ताज्या पुंगळ्या कुणी दिल्या तर घेऊ नकोस, त्या मोजून परत जमा करायच्या असतात.

पुढची गोळी काढून दारू ओतून टाकली की झाले, असे तुला कुणीतरी सांगेल. जुन्या थ्री-नॉट-थ्रीत बहुधा भुकटी नसते, कॉर्डाइट नावाच्या दारूच्या काड्या असतात, हुबेहूब वाळलेल्या शेवया. एका घरात त्या खऱ्याच शेवयांसारख्या वाटीत काढून ठेवलेल्या मी पाहिल्या, शेजारी चूल पेटलेली होती. शिवाय त्या काढल्या तरी टोपी जिवंतच राहते.

ग्रेनेड तर नाहीच. ‘निकामी’ हा शब्द विकणाऱ्याचा आहे. तो कुणी निकामी केला, कशाने केला, त्याचा कागद कुठे आहे? सीताफळासारख्या खवल्यांचा जुना 36 नंबरचा ग्रेनेड आपल्या सैन्यात महायुद्धानंतरही कितीतरी दशके होता, त्यामुळे सगळे जुने दिसणारे जुने नसतात.

इथे घरातली गोष्ट सांगतो. मी अकरा वर्षांचा असताना आमच्या गावाच्या टेकडीपलीकडे फायरिंग चाले. लाल निशाण उतरले की आम्ही पोरे शिसे आणि पितळ वेचायला धावायचो. एकदा माझ्या चुलतभावाला, अप्पादादाला, शेपटीचा एक गोळा मिळाला. नाकाशी पितळ होते, मोडीत घातले तर दोन-अडीच रुपये आले असते. गोठ्यापुढच्या दगडावर ठेवून तो हातोडीने नाक सैल करत होता. मला म्हणाला, घागरीतून पाणी आण. मी उंबरा ओलांडून आत पाय ठेवला तेवढ्यात आवाज झाला. भिंतीच्या आड होतो म्हणून मी वाचलो. दादाचा डावा हात मनगटापासून गेला, एक डोळा गेला. पुढे पन्नास वर्षे तो शेती करत राहिला. जूवर बैल जुंपताना जोताची दोरी दातात धरून उजव्या हाताने गाठ मारायचा. आजही मला तो आठवतो तो दातात दोरी धरलेलाच. मी दारूगोळ्याच्या कामाला गेलो तो त्या दगडामुळे.

पुढच्या महिन्यात फुलदाणी घेतलीस तर बुडाचा फोटो पाठव. साल आणि तोफ मी तुला वाचून दाखवीन.

सासरे वारले. माळ्यावर त्यांची ठासणीची बंदूक आणि मुदत संपलेले परवान्याचे पुस्तक सापडले. एक तलवारही आहे. मुलगा म्हणतो, गुपचूप विहिरीत टाकूया.
— एक गृहिणी, चिकोडी तालुका

वहिनी, विहिरीत टाकू नका. पुस्तकावर बंदुकीची नोंद आहे, उद्या ती कुठे गेली हे तुम्हालाच विचारतील. पुस्तक आणि मृत्यूचा दाखला घेऊन, बंदूक घरीच ठेवून, आधी ठाण्यात जा आणि लेखी कळवा. परवानाधारक गेल्यावर हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची सोय शस्त्र कायद्याच्या कलम 21 मध्ये आहे. जमा केल्याची पोच मागून घ्या. ठेवायचीच असेल तर वारसाला डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. पूर्ण निकामी झालेल्या, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्याराला कलम 45 ची सूट आहे, पण ती तशी आहे हे आपण घरी ठरवायचे नसते.

एक मात्र आजच सांभाळा. ठासणीच्या बंदुका भरलेल्याच माळ्यावर गेलेल्या असतात. डुकरे पिकात शिरतील म्हणून बार भरला, डुकरे आली नाहीत, बंदूक तशीच राहिली. नळीत डोळा घालू नका, गज घालू नका, घोड्याला हात लावू नका. जिथे आहे तिथे राहू द्या आणि ती भरलेली असू शकते हे पोलिसांना आधीच सांगा.

तलवारीचे पाते नऊ इंचांहून लांब असणारच, म्हणजे ती शस्त्र नियमांच्या यादीत येते. जिथे सरकारने तशी अधिसूचना काढली आहे तिथे तिलाही परवाना लागतो, तेव्हा बंदुकीबरोबर तिचेही विचारून घ्या.

मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यांवर फिरलो तर चालेल का?
— बेळगाव तालुक्यातून दोघे मित्र

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत खणणे गुन्हा आहे. बाहेर, स्वतःच्या रानातही जमिनीत पुरलेले मोलाचे काही निघाले तर निखात निधीच्या कायद्याने डीसींना कळवावे लागते. डिटेक्टरला नाणे आणि फ्यूज सारखेच वाजतात.

त्यापेक्षा एक काम करा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. चावडीच्या, शाळेच्या, देवळाच्या भिंतीत त्या असतात आणि ऑइल पेंटखाली गेलेल्या असतात. तुमच्या आसपासच्या गावांत अशी पाटी आहे का ते बघा. रंग खरवडू नका, आडवा उजेड टाकून फोटो काढा, गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला त्यातली नावे विचारा आणि दोन्ही मला पाठवा.